खोली दोघांची

वडिलांचा फोन आला तेव्हा यापिंगच्या दोन्ही हातांत ओल्या चादरीची टोकं होती. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. चादरीच्या पलीकडच्या टोकाला फू होती, मधे इस्त्रीचा तापलेला रूळ, आणि त्या सगळ्या वाफेतून, देशाच्या पार उत्तर टोकाच्या, बर्फातल्या छिछिहारमधून, वडील म्हणाले, "या हिवाळ्यात तुझ्याकडे नको. एखादं चांगलं, स्वस्तातलं हॉटेल बघून ठेव. आम्ही दोघं आहोत."

चादर रुळात तिरकी गेली आणि पलीकडून चुणी पडून बाहेर आली. "हात कुठं ठेवलेस?" फू म्हणाली. यापिंगला ते ऐकू आलं, पण लांबून. दोघं. आई गेल्यापासून पाच वर्षांत हा शब्द वडिलांच्या तोंडून आला नव्हता, आणि त्याआधी यायचा तेव्हा त्याचा अर्थ विचारावा लागत नसे.

"दोघं म्हणजे कोण, बाबा?"

"मी आणि लाओ क्वान. आमच्या कारखान्यातली गं. क्रेन चालवायची. लहानपणी तू तिच्या क्रेनखालून पळालीस म्हणून तिनं वरून शिव्या घातल्या होत्या बघ."

"आठवतंय. मग खोल्या किती घेऊ?"

पलीकडे घसा साफ केल्याचा आवाज आला. "एक पुरे," वडील म्हणाले. "दोन कशाला उगाच? पण हॉटेल रीतसर असू दे. मागच्या दारानं आत घेणारं नको. कागद मी आणतोय."

कागद म्हणजे ओळखपत्र, असं ती समजली. दुसरं समजण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी त्या क्षणी तिच्या डोक्यात तो एकच आकडा अडकला होता. एक.

दक्षिणेच्या बेटावरच्या या सान्या शहरामधली हॉटेलं यापिंगला जितकी माहीत होती तितकी ती तिथं उतरणाऱ्यांना माहीत नसतील. चौदा वर्षं ती या धुलाईखान्यात होती. नवरा सोडला, थंडी सोडली आणि उत्तरेतले म्हातारेकोतारे हिवाळ्यात जसे इथं येतात तशी ती भर उन्हाळ्यात, वेळ चुकवून, इथं आली होती. प्रत्येक हॉटेलच्या चादरीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका असे: खाडीकाठच्या मोठ्या हॉटेलाचा निळा, बस डेपोमागच्या लॉजचा हिरवा, वेगवेगळ्या गल्ल्यांतले पिवळे, जांभळे. पाटीवर काय लिहिलंय ते यापिंग बघतच नसे. चाळीस खोल्यांचं हॉटेल ऐन हंगामात पंधराच चादरी पाठवत असेल तर तिथं आदल्या पाहुण्याची ऊब पुढच्याला मिळते, हे उघड होतं. जे चादरींच्या बरोबरीनं उशांचे अभ्रे पाठवतं ते प्रामाणिक. जे पाठवतंच, पण अभ्र्यांना केसांच्या कलपाचे डाग असतात, तिथं आपल्याकडचे म्हातारे उतरतात. ओळखीपाळखीचं कुणी विचारलं की ती एका वाक्यात सांगून टाकी. पिवळ्यात जा, जांभळ्याकडे फिरकू नका. लोक तिचं ऐकत आणि खूश होऊन परत जाताना तिला सुकवलेले मश्रूम देऊन जात. आता मात्र तिला एकही रंग सुचत नव्हता, किंवा सगळे एकदम सुचत होते.

"त्यात एवढं काय," दुपारच्या डब्याच्या वेळी फू म्हणाली. फू याच बेटावरची. उत्तरेतल्या माणसांना ती लाटेबरोबर येणाऱ्या वस्तूंत धरी. "एक खोली ना? मग एक मोठा पलंग घे. दोन खाटांपेक्षा स्वस्त पडतो."

"ते एकोणऐंशीचे आहेत."

"मग? एकोणऐंशीव्या वर्षी माणूस उभ्यानं झोपतो का?"

यापिंग हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण हसायला नको होतं, आणि मग का नको ते काही लक्षात येईना. फू भाताचं शीत चिमटीत धरून तिच्याकडे बघत होती. "आमच्याकडे म्हातारा एकटा पडला की कोंबड्या पाळतो," ती म्हणाली. "तुझ्या बापानं माणूस आणलं. तुला खरं म्हणजे बरं वाटायला हवं. तसं वाटत नसेल तर तसं म्हण, पण माझ्या चादरींना चुण्या पाडू नकोस."

बरं वाटत होतं का? सुटीच्या दिवशी ती हॉटेलं बघायला निघाली तेव्हाही ती हेच स्वतःला विचारत होती. उत्तर म्हणून तिला आईची वाटीभर मोहरी-कोबीची कोशिंबीर आठवत होती, जिचा या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. नारळाच्या झाडांखालून विजेच्या स्कूटर आवाज न करता जात होत्या. बाकांवर छिछिहारच्या, हारबिनच्या, आणखी कुठल्या कुठल्या बर्फातल्या गावांच्या म्हाताऱ्या पाय पसरून बसल्या होत्या आणि मोठमोठ्यानं कोबीच्या भावाबद्दल बोलत होत्या. आई यांच्यात बसली नाही कधी. दरवर्षी म्हणायची, पुढच्या हिवाळ्यात येऊ. एकदा खोकला थांबू दे, मग येऊ. यापिंग फोनवर म्हणायची, अगं, खोकला थांबावा म्हणूनच लोक इकडे येतात. त्यावर आई म्हणायची, थांबला की मग येऊच. या तर्कशास्त्राची यापिंगला तेव्हा चीड यायची. आता मात्र कधी कधी, एखादा अभ्रा उलटा करताना, तिला वाटायचं की आई बरोबर होती आणि आपल्यालाच काहीतरी समजलं नव्हतं.

निळ्या टाक्याच्या हॉटेलात ती आधी गेली. का गेली ते तिला माहीत होतं, पण ते तिनं स्वतःशी उच्चारलं नाही. तिथल्या पोरीनं सहाव्या मजल्यावरची खोली उघडून दाखवली. एकच पलंग, एवढा रुंद की त्याच्यापुढे खोली संपून गेली होती. त्याच्या मधोमध टॉवेलांचे दोन हंस करून चोचीला चोच लावून ठेवले होते. ते टॉवेल यापिंगनं परवाच रुळातून काढले होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि तिला एकदम वडिलांचे पाय दिसले, अंगठ्याची नखं पिवळी पडलेले, लोकरी मोज्यांचे वळ उमटलेले, त्या हंसांच्या शेजारी ठेवलेले. "नवीन लग्न आहे का?" पोरीनं विचारलं. यापिंग म्हणाली, "नाही, जुनं." आणि आपण हे कुणाबद्दल बोललो, ते न कळून ती लिफ्टची वाट न बघता जिन्यानं सहा मजले उतरली.

हिरव्या टाक्याच्या लॉजमधली खोली त्यामानानं शहाणी होती. दोन खाटा, मधे टेबल, भिंतीत खिडकी. खिडकीचा पडदा सारला तर पलीकडे उजेड नव्हता, जिन्याच्या बोळातला दिवा होता. एक माणूस बादली घेऊन गेला, त्यानं आत बघितलं. मालक म्हणाला, "आतली खिडकी आहे, म्हणून तर स्वस्त. बाहेर तरी काय आहे? बसगाड्या." यापिंगला त्याचं म्हणणं पटलं आणि ते पटल्याचीच तिला लाज वाटली. ती खाटेच्या कडेला बसली, गादीवर तळवा दाबून बघितला. दोन खाटांमधल्या त्या टेबलाकडे बघताना तिला दुसऱ्याच खाटा दिसायला लागल्या, लोखंडी, ओळीनं आठ.

ती आठ वर्षांची असताना वडिलांना कारखान्याकडून सवलत मिळाली आणि तिघं तालिएनला समुद्र बघायला गेली. आयुष्यात तेवढी एकच सहल. विश्रामगृहाच्या खिडकीतल्या बाईनं वडिलांचं कारखान्याचं पत्र बघितलं आणि विचारलं, ही तुझी बायको कशावरून? लग्नाचा कागद? तो घरी ट्रंकेत राहिला होता. यापिंग टाचा उंचावून म्हणाली, ही माझी आई आहे. खिडकीतली बाई म्हणाली, मुलांच्या बोलण्यावर शिक्का नसतो. मग आई आणि ती बायकांच्या दालनात, आठ खाटांपैकी एका खाटेवर, आणि अंगणापलीकडे पुरुषांच्या दालनात वडील. सकाळी वडील तोंड धुवायला नळावर आले. केस उभे राहिलेले, खांद्यावर टॉवेल. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बघ गं, कसा ब्रह्मचाऱ्यासारखा दिसतोय. याच्याशी पुन्हा लग्न करावंसं वाटतंय." वडील लाल झाले. यापिंगला तेव्हा समुद्रापेक्षा ते जास्त बघण्यासारखं वाटलं होतं. परत आल्यावर आईनं तो कागद ट्रंकेतून काढून बिस्किटांच्या डब्यात वरच ठेवला, पुढच्या वेळी घरी विसरायला नको म्हणून. पुढची वेळ आली नाही.

"घेताय का?" हिरव्या लॉजचा मालक दारातून म्हणाला. तिच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ बसून आहोत आणि बोळातून जाणारे आपल्याकडे बघून जाताहेत.

लाल टाक्याकडे ती अखेरीस गेली. खरं म्हणजे पहिल्यापासून तिला तिथंच जायचं होतं, नाहीतर तिथं मुळीच जायचं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. चार मजल्यांचं लहानसं घरगुती हॉटेल. मासळीबाजारापासून दोन गल्ल्या आत, प्रत्येक खोलीला खरी खिडकी आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी. जितक्या चादरी तितके अभ्रे, वर दोन जास्त. सहा वर्षांपूर्वी यापिंगनं ते आईबाबांसाठी हेरून ठेवलं होतं. आपल्या एका खोलीत तिघांची आबाळ होईल, त्यापेक्षा दोघांना इथं ठेवू, सकाळी आई खाली जाऊन ताजे मासे घेईल, भाव ऐकून घाबरेल, तरी घेईल. आईला तिनं फोनवर सांगितलंही होतं. आई म्हणाली, हॉटेल कशाला, तुझ्या पायाशी झोपू. मग ते वर्ष गेलं. त्यानंतर या गल्लीतून जायची वेळ आली की यापिंग पलीकडच्या बाजूनं चाले, जणू तिथं कुणाचे पैसे द्यायचे राहिले होते. ओळखीपाळखीच्या कुणालाही तिनं आजवर लाल टाका सांगितला नव्हता. आणि आता ज्या बाईनं तिला क्रेनवरून शिव्या घातल्या ती सकाळी खाली जाऊन मासे घेणार होती.

मालकीण सुइ उत्तरेतल्याच च्यामुसची. ती खुर्चीवर पाय घेऊन सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. "बोल ताई. आवाजावरून आपल्याच बाजूची दिसतेस. किती माणसं?"

"दोन."

"कोण?"

"आई-बाबा," यापिंग म्हणाली.

तिच्या तोंडून ते इतकं सहज गेलं की आधी तिला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. मग कानशिलं तापली. परत घ्यायचं तर काय म्हणून परत घ्यायचं? आई नाही, वडिलांची कुणीतरी. कुणीतरी म्हणजे कोण, हे तिला वडिलांनी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. 'लाओ क्वान', म्हणजे 'जुनी क्वान', एवढंच म्हणाले, पण कारखान्यात सगळे सगळ्यांनाच लाओ लावत.

"भाग्याची आहेस," सुइ म्हणाली. "दोघं आहेत अजून. पलंग एक की खाटा दोन? माझ्याकडे दोन्ही आहे, भाडं सारखंच. तिसऱ्या मजल्यावरच्या पलंगाला ऊन जास्त येतं. म्हाताऱ्या माणसांना ऊन लागतं."

भाडं सारखंच, हे ऐकून यापिंगचा आधारच गेला. इतका वेळ ती स्वतःला सांगत आली होती की जे स्वस्त पडेल ते घेऊ. चांगलं आणि स्वस्त, वडिलांनीच तसं सांगितलं होतं, तिचं त्यात काही नाही. आता तिला आपल्या मनानं बोलणं भाग होतं. "खाटा दोन," ती म्हणाली. "आईला खोकला आहे." सुइनं वहीत लिहिलं. बाहेर आल्यावर यापिंग गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. आपण आईसाठी दोन खाटा घेतल्या की आईच्या जागेवर कुणी निजू नये म्हणून, हे तिला उलगडेना. कुणी विचारलं असतं तर तिनं दोन्हींची खात्री दिली असती.

ती विमानतळावर घ्यायला गेली तेव्हा उत्तरेतून आलेली सगळी माणसं नेहमीप्रमाणे आधी स्वच्छतागृहात शिरली आणि आतून कोशातून निघाल्यासारखी सुती कपड्यांत बाहेर आली. वडील आधी आले, रोडावलेले, कापसाचा जाड कोट हातावर. त्यांच्या मागून क्वान मावशी. यापिंगला उंच, क्रेनच्या काचेमागे बसलेली बाई आठवत होती. ही बुटकी होती, गुडघ्यांतून जरा फेंगडी, आणि तिच्या दोन्ही हातांत बरण्यांच्या पिशव्या होत्या.

"तू ती पळणारी," मावशी म्हणाली. "अजून तशीच दिसतेस, पळून जाईन अशी. हे धर. आंबवलेला कोबी. विमानातला माणूस म्हणाला नेता येणार नाही. मी म्हटलं, मग मलाही उतरवा."

"लाओ क्वान, तिला बोलू दे जरा," वडील म्हणाले. त्यांनी मावशीच्या हातातली एक पिशवी घेतली, न बघता, सवयीनं. तेवढं यापिंगनं बघितलं. टॅक्सीत ती पुढं बसली, मागं दोघं. आरशात दोघांच्या मधे कोटांचा ढीग होता आणि बोलणं चाललं होतं ते कुणाच्या तरी नातवाच्या दातांबद्दल.

सुइ दारातच उभी होती. "या काका, या काकू. ताई, तुझं कपाळ अगदी आईवर गेलंय बघ."

 क्वान मावशीनं हळूच स्वतःच्या कपाळाला हात लावला, मग यापिंगकडे बघितलं. रागानं नव्हे. दुकानात आपल्या मापाचा नसलेला कपडा कुणी हातात दिल्यावर माणूस जसं बघतं तसं. यापिंगनं आता तरी सांगायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात वडील मेजाशी गेले होते. त्यांनी आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी, आणि तिच्यातून घडी घातलेला एक कागद. तो त्यांनी दोन्ही हातांनी मेजावर उलगडला आणि एक पाऊल मागे सरकून हात सरळ सोडून उभे राहिले.

शाळेतल्या बक्षिसाच्या कागदासारखा तो होता. वर लाल झेंडे, कडेला गव्हाच्या लोंब्या, घड्यांवर पिवळा पडलेला. फोटो नव्हता. त्या काळी नसे. शाईनं लिहिलेली दोन नावं, लुआन छांगक्वेइ, फान शुमिन, साल एकोणीसशे सत्तर, आणि शिक्का. आईचं नाव यापिंगनं थडग्यानंतर पहिल्यांदा लिहिलेलं बघितलं. बिस्किटांच्या डब्याचा वास येतो का, असंच तिच्या मनात आलं, आणि मेजाशी वाकून तो घ्यावा अशी इतकी अनावर इच्छा झाली की तिनं खुर्चीची पाठ धरली.

सुइनं कागद वाचला. मग दोघांची ओळखपत्रं यंत्रावर ठेवली. यंत्रानं क्वान शुयेन असं नाव दाखवलं. सुइनं कागद बघितला, पडदा बघितला आणि शेवटी यापिंगला बघितलं.

"हिनं नाव बदललंय," वडील म्हणाले. वाक्य पाठ केलेलं होतं आणि पाठ करूनही ते त्यांना नीट म्हणता आलं नाही.

"काही बदललेलं नाही," क्वान मावशी म्हणाली. "लुआन मिस्त्री, गप्प उभे राहा. मालकीणबाई, यांच्या डोक्यात बसलंय की कागद नसला की एकाला इकडे आणि एकाला तिकडे झोपवतात. आमच्याकडे आमचा कागद नाही. फोटो नाही म्हणून म्हणाले, हा चालून जाईल. मी म्हटलं, दहा दिवस फान शुमिन व्हायला माझी हरकत नाही. बाई चांगली होती. मला दोनदा मुळ्याचं लोणचं दिलं होतं, बरणीसकट."

सुइच्या तोंडातली बी तशीच राहिली होती. ती तिनं बाजूला थुंकली. "काका," ती एकदम हळू म्हणाली, "हा कागद आता कुणी विचारत नाही. वीस वर्षं होऊन गेली."

"विचारत नाही?"

"नाही."

"मग दोन माणसं एका खोलीत का आहेत ते तुम्हाला कळतं कसं?"

"आम्हाला कळून काय करायचंय? त्या काळ्या डोळ्यासमोर चेहरा धरा, झालं."

वडिलांनी चेहरा धरला. यंत्रानं त्यांना ओळखलं. पण ते तिथून हललेच नाहीत. कागद विचारत नाहीत हे ऐकून त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर लांबच्या गावी येऊन पत्ता हरवलेल्या माणसाचा गोंधळ होता. ते कागदाची घडी घालू लागले, घडी जुन्या खुणेवर बसेना. यापिंगला राग आला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईचं नाव दुसऱ्या बाईच्या अंगावर घालून हा माणूस समुद्राकाठी आला. पण मग तिनं तरी गेल्या आठवड्यात याच मेजाशी उभं राहून काय केलं होतं? तिनं पुढं होऊन कागदाची घडी घातली. त्यांनी तिला ती घालू दिली. कागद परत त्यांच्या खिशात ठेवताना तिच्या मनात आलं की त्यांनी आईचं नाव फसवायला आणलं की आईलाच बरोबर आणलं? हे विचारण्यासारखं कुणी तिथं नव्हतं. वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी तिलाच विचारलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर खोलीत ऊन होतं. दोन खाटा, पांढऱ्या चादरी, कोपऱ्यात लाल टाके. यापिंग त्या खाटांकडे बघू शकत नव्हती. निवड तिची होती आणि ती आता तिथं मांडून ठेवलेली होती, सगळ्यांना दिसेल अशी.

"दोन घेतल्यास हे बरं केलंस," क्वान मावशी म्हणाली. बरण्या ती शेगडीजवळ लावत होती. "मला माझी दुलई लागते. तुझा बाप ओढतो असं ऐकलंय."

"ऐकलंय?"

"मग? बघितलं असं वाटलं तुला?" मावशी हसली. तिचे पुढचे दोन दात नवे होते. "आमचं काय आहे ते आम्हालाच नीट ठाऊक नाही, पोरी. मला विचारू नकोस. विचारलंस तर मी काहीतरी सांगेन आणि ते चुकीचं असेल."

यापिंग वळली तेव्हा वडील खिडकीजवळच्या खाटेवर आडवे झाले होते, बूट खाली लोंबकळत, आणि झोपले होते. भर दुपारी, तोंड जरासं उघडं. गेले चार हिवाळे ते तिच्याकडे येत. स्वयंपाकघरात घडीची खाट टाकून ती त्यांना झोपवी. सकाळी ती उठायच्या आधीच ते उठून, खाट आवरून, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले असत. झोप लागली का, विचारलं की म्हणत, मस्त. तिनं त्यांना असं झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं, हे तिला आत्ता समजलं.

"हे असे लगेच कसे झोपले?"

"आपण दोघी बोलतोय ना," मावशी म्हणाली. "तिकडे गावी क्लबातल्या पत्त्यांच्या खोलीत असेच झोपतात, बाकावर, त्या सगळ्या कालव्यात. मी एकदा म्हटलं, घरी पलंग नाही का? तर म्हणाले, घरी कुणी श्वास घेत नाही." ती आलं शोधत होती. पिशवी उपसून परत भरत होती. "तुझी आई गेली त्या वेळी हे दुसऱ्या खोलीत होते म्हणे. खोकल्यानं झोप येईना म्हणून गेले, दार लावलं, आणि गाढ झोपले. त्यावर ते काही बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, एकदा. तुझ्याकडेसुद्धा, म्हणाले, पोरगी दमून येते, माझी झोपमोड नको म्हणून मधलं दार ओढून घेते. फार जपते. मग मी पहाटेची वाट बघत बसतो."

यापिंग दोन खाटांच्या मधे उभी होती. ते दार ती खरंच ओढून घेई, हळूच, बिजागरी वाजू नये म्हणून उचलून धरून. प्रेमानं करायचो आपण ते, असं तिच्या मनात आलं. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. काहीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "मावशी, खाली मी सुइला आई म्हणून सांगितलं होतं. मला दुसरं काही म्हणता आलं नाही."

"ते कपाळावरून कळलं," मावशी म्हणाली. "आता आलं आणि मीठ आणते मी. मासेही बघते. तू बस इथं."

"मी आणते ना खालून."

"तुला भाव करता येत नाही, तुझ्या बापानं सांगितलंय. बस. तासभर झोपू दे त्यांना. बोलायला कुणी नाही, तर मग श्वास जरा मोठ्यानं घे."

ती जिना उतरताना एकेक पायरीवर थांबत होती, ते ऐकू येत होतं. मग ते थांबलं. यापिंग दुसऱ्या खाटेच्या कडेला बसली, चादरीला चुणी पडू न देता. वडिलांचा श्वास अडखळला, पापणी हलली. ती घाईनं नाकातून श्वास घेऊ लागली, मोठ्यानं, उगीच, खोटा खोटा. आपण हसू की काय अशी तिला भीती वाटली. मग तो खोटा राहिला नाही. गल्लीतून कुणीतरी उत्तरेच्या बोलीत माशाच्या भावावर भांडत होतं, ती मावशी होती की कुणी दुसरी ते तिला ओळखता येईना. वडिलांच्या पापण्या स्थिरावल्या होत्या. यापिंग जागची हलली नाही, श्वास घेत राहिली.